हत्यारं पूजेत, गाडी उघडी

दुरुस्ती करणाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून सल्ले देणाऱ्या माणसाच्या हातात तुम्ही कधी पाना पाहिला आहे का?

मी पाहिलेला नाही. आमच्या दाराबाहेर लांब ओटा आहे. तंजावुरात त्याला तिण्णै म्हणतात. त्यावर बसून सल्ले देणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले. नळ गळत असला की त्यांना नळाचं कळतं, पंखा बंद पडला की विजेचं. त्यांच्या नखांत मात्र कधी काळं गेलेलं नसतं. माझे काका, म्हणजे माझ्या वडलांचे धाकटे भाऊ, या जमातीचे पुढारी.

आमची गाडी लहान, पांढरी आणि जुनी. ती घरात एकाच कामासाठी टिकून होती: आईला तिरुवैयारुला नेण्यासाठी. आई तिथे गाणं शिकवते. नदीकाठच्या गल्लीत वरच्या मजल्यावर तिनं एक हॉल भाड्यानं घेतलाय आणि आठवड्यातून दोनदा तिथे मुलं येतात. तिचे गुडघे गेलेत. टाऊन बसची पहिली पायरी तिच्या मांडीइतकी उंच असते आणि ड्रायव्हर तिचा दुसरा पाय वर यायची वाट पाहत नाही. हॉलचा जिना ती कठडा धरून, दर पायरीला थांबत चढते. तिथे तिला घाई करणारं कुणी नसतं. अप्पांना, म्हणजे वडलांना, डोळ्यांमुळे गाडी चालवता येईना, तेव्हापासून मी तिला नेते.

नवरात्राच्या सुरुवातीला तिरुवैयारुच्या रस्त्यावर, एका पुलाच्या अलीकडे, गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी गाडी बाजूला घेतली. बॉनेटखालून वाफ. आई मांडीवर डबा घेऊन बसून राहिली आणि भाताच्या लॉऱ्या आमच्यावर धूळ उडवत गेल्या. त्या दिवशी वर्ग झाला नाही.

घरी आल्यावर काकांनी चौकशी केली ती गाडीची नाही.

"वहिनी, पोदुम. पुरे झालं. गुडघे तसे, गाडी अशी. येथेच चार पोरी बसवा. कोठे कोठे जाताय या वयात?"

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे काकांना अनुमोदन असतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

येथेच चार पोरी बसवा! घरी बसवलेल्या पोरी कशा असतात ते मी पाहिलंय. त्या येतात तेव्हा कुणीतरी टीव्ही लावलेला असतो, कुणाला कॉफी हवी असते, आणि शिकवणारी बाई पदाच्या मध्येच उठून दूध उतरवते. आई तिरुवैयारुच्या हॉलमध्ये बाई असते, टीचर असते. घरात ती स्वयंपाकघराशेजारची एक खोली असते. काकांना तोच फरक मिटवायचा होता आणि गाडीनं त्यांच्या हातात निमित्त आणून दिलं होतं.

आणि विजयादशमी आठवड्यावर आली होती. आमच्याकडे नवी मुलं त्याच सकाळी विद्येला बसवतात. आईवडील मुलाला आंघोळ घालून, नवे कपडे घालून, पानसुपारी घेऊन येतात आणि पहिला सा त्या दिवशी लावून घेतात. त्या सकाळी गुरू जागेवर नसेल तर ते पुढच्या गल्लीतल्या गुरूकडे जातात. तिरुवैयारुत गाणं शिकवणाऱ्यांचा तुटवडा नाही. शिवाय हॉलच्या मालकाला तो हॉल गणिताच्या क्लासला द्यायचा होताच. विजयादशमीला आई तिथे पोचली नाही तर तिचा वर्ग संपणार, इतकं ते सरळ होतं.

मी गाडी गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं न पाहिलं, आणि म्हणाला की रेडिएटर, पंप, सगळे पाइप, सगळं एकदम बदलायला लागेल.

"बिघडलंय काय?" मी विचारलं.

"सगळं बदललं की कळेल, मॅडम."

आणि हे सगळं आयुधपूजेनंतर, म्हणजे खंडेनवमीनंतर, कारण कामगार गावी गेलेले. मी गाडी थंड करत करत, थांबत थांबत घरी आणली. जो दुरुस्ती करणारा काय बिघडलंय हे सांगत नाही आणि सगळं बदलतो, त्याला मी दुरुस्ती करणारा म्हणत नाही. तो फक्त विकणारा.

आता माझ्याविषयी एवढंच सांगते की मी पत्रकांवर वाढले. अप्पा सरकारी कचेरीत होते आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेत होते. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले. श्रम करणाऱ्या हातांचा गौरव मी अक्षरं जुळवत वाचला. श्रमाचा मान, हाताचा मान, घामाचा मान. एवढं सगळं मानाचं लिहिणाऱ्या माझ्या वडलांनी गाडीचं बॉनेट कोणत्या दांड्यावर टेकवायचं ते मला विचारलं, तेव्हा मी ठरवलं की गाडी मीच उघडणार.

काय बिघडलंय ते शोधायला एक दुपार पुरली. इंजिनातून वरच्या पाइपकडे पाणी सोडणारी एक छोटी झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. इंजिन तापलं की ती उघडायला हवी. आमची उघडत नव्हती. बदलायची एवढीशी वस्तू. तळहातावर मावेल.

पण तिच्यापर्यंत पोचायचं कसं? पाइपाची क्लिप अशा कोपऱ्यात बसवलेली की हात गेला तर पक्कड जात नाही आणि पक्कड गेली तर हात जात नाही. ज्यानं ती तिथे बसवली त्यानं ती कधी काढावी लागेल असा विचारच केलेला नाही. किंवा अगदी नीट केलाय. क्लिप निघाली तेव्हा माझ्या मनगटाची साल गेली होती. मग झडपेवरच्या झाकणाचे बोल्ट. पहिला निघाला. दुसरा अर्धा फिरला, एक बारीक आवाज झाला आणि त्याचं डोकं माझ्या पान्यात आलं. बाकीचा बोल्ट इंजिनातच.

फोनवर दुरुस्ती शिकवणारे महाभाग आहेत. त्यांच्या हातात पांढरे मोजे, समोर कालच शोरूममधून आणल्यासारखी गाडी, आणि प्रत्येक बोल्ट लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो. कुणाचाही बोल्ट तुटत नाही. "आता हा सहज निघेल," असं म्हणतात आणि तो सहज निघतो. मी त्यांच्यातल्या एकाचा व्हिडिओ चार वेळा मागे नेऊन पाहिला, की बोल्ट आधीच सैल केलेला दिसतो का. दिसला. लबाड.

तुटलेल्या बोल्टचा थोडा बुंधा वर होता. त्याला तेल पाजून, पक्कडीनं चिमटीत धरून, केसाएवढा पुढे केसाएवढा मागे करत मी तो काढला. संध्याकाळ त्यातच गेली. काका तिण्णैवरून पाहत होते.

"काय गे, निघालं का?"

"निघतंय."

"डावीकडे फिरव."

"डावीकडेच फिरवतेय, काका."

"मग उजवीकडे फिरवून बघ."

आई आतून म्हणाली, "भावजी, तुम्हीच जरा फिरवून द्या की."

"मला कंबरेचं आहे, वहिनी," काका म्हणाले, आणि कंबर नीट टेकून बसले.

नवी झडप आणायला मी पार्टांच्या दुकानात गेले. दुकानदारानं गाडीचं साल विचारलं आणि मग विचारलं, "घरी कुणी पुरुषमाणूस नाही का, मा?" मी म्हटलं, दोन आहेत, दोघंही बसलेत. तो हसला आणि त्यानं मला चुकीची झडप दिली. घरी येऊन लावायला गेले तर ती खाचेत बसेना. बदलायला गेले तर दुकानाचं शटर खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडणार, आणि दुसरा दिवस आयुधपूजेचा.

हरकत नव्हती. सकाळी झडप आणायची, दुपारपर्यंत बसवायची, संध्याकाळी एक चक्कर मारून पाहायची, विजयादशमीला आईला घेऊन जायचं. इंजिनाचं तोंड रात्रभर उघडं राहणार होतं, म्हणून त्यात मी स्वच्छ फडक्याचा बोळा घट्ट कोंबला.

सकाळी दुकानातून परत आले तर माझे पाने नव्हते. पक्कड नव्हती. स्क्रूड्रायव्हर नव्हता. मी देवघरात गेले. तिथे कोलूच्या, म्हणजे नवरात्रात मांडतात त्या बाहुल्यांसमोर केळीच्या पानावर ते सगळे ओळीनं मांडलेले, धुऊन पुसून, प्रत्येकाला चंदन आणि कुंकू लावलेलं. बाजूला भाजीची सुरी, आईची कात्री, अप्पांचं वाचायचं भिंग. आईचा तंबोराही भिंतीला टेकवून ठेवलेला, त्याच्या भोपळ्यालाही कुंकू. पूजेत ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, ही रीत मला ठाऊक होती. त्या गडबडीत ती माझ्या डोक्यातून गेली होती.

"अप्पा, मला आत्ता पाने हवेत."

"उद्या सकाळी. पूजा उतरली की."

"हत्याराची पूजा म्हणजे हत्यारानं काम करणं. तुम्हीच लिहिलंय हे."

अप्पा चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हसले. "आठवड्याच्या सुट्टीसाठी संप केलेला माणूस आहे मी. पान्याला वर्षात एक दिवस सुट्टी नको काय गे?"

काका इतक्या जोरानं हसले की त्यांच्या तोंडातले फुटाणे उडाले. मला तो विनोद आवडला असता, जर त्याची किंमत आईला द्यावी लागत नसती तर. मी शेजारी गेले. शेजाऱ्यांचे पाने पूजेत. समोर गेले. समोरच्यांचा तर स्कूटरसकट सगळा संसार पूजेत. त्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीत मोकळा पाना मिळेना. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यानं पंपालाही हार घातला होता. ज्या गावात रोज कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत असतं, तिथे हत्यारांच्या नावानं सगळी हत्यारं बंद, आणि याला म्हणायचं श्रमाचा सन्मान!

मी सरळ देवघरात जाऊन पाना उचलणार होते. आईनं माझा हात धरला.

"नको. माझा तंबोराही आत आहे. मी हात लावत नाही, तूही लावू नको."

"उद्या पोचायचं ना तुला?"

"पोचायचं," ती म्हणाली. "हात लावून नव्हे."

तिच्याशी मी वाद घातला नाही. ज्यांच्याशी घालायचा होता ते पोरी-कडलै खात बसले होते. पोरी म्हणजे चुरमुरे. आयुधपूजेला आमच्याकडे फुटाण्यांबरोबर त्यांचाच प्रसाद. मी रागानं मागच्या अंगणात जाऊन बसले आणि गाडीच्या पूजेला आले नाही. समोरून घंटा ऐकू आली, मग नारळ फुटल्याचा आवाज, मग काकांचा मोठा आवाज, मंत्रासारखं काहीतरी. नंतर पुढे गेले तर गाडीला हार, चाकांखाली लिंबं, आणि बॉनेटच्या आत, बॅटरीवर, सगळीकडे हळदीच्या अक्षता पडलेल्या. गाडी चालत नव्हती, त्यामुळे लिंबं चिरडायला काका आणि अप्पा दोघांनी ती ढकलली होती. ढकलायला काकांची कंबर ठीक होती, हे मी तेव्हाच टिपून ठेवलं. बोळा जागेवर होता. मी अक्षता झाडल्या आणि आत गेले.

विजयादशमीला पहाटे अप्पांनी पूजा उतरवली. मी कुंकवासकट पाने घेतले आणि कामाला लागले. बोळा काढला, पहाटेच्या अंधारात आत न डोकावताच झडप बसवली, गॅस्केट बसवलं, नवे बोल्ट घट्ट केले, पाइप चढवला, पाणी आणि कूलंट भरलं. या वेळी काही तुटलं नाही. आई रेशमी साडी नेसून, तंबोरा शेजारी घेऊन तिण्णैवर बसली होती. तिला घेऊन निघायच्या आधी मी एकटीनं चक्कर मारली. मोठ्या देवळापाशी पोचले तेव्हा काटा मध्यावर होता. देवळाभोवतालच्या खंदकाच्या कडेनं वळले आणि तो चढू लागला. घरी पोचेपर्यंत तो लाल पट्ट्यात.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नसतं. वाफ तोंडावर येते. मी थांबले. ते थांबणं मला अजून आठवतं, कारण त्यात काका बोलत होते.

"देवीचा कौल आहे हा, वहिनी. दोनदा सांगितलं तिनं. घरी बसा म्हणतेय."

 आईनं तंबोऱ्याच्या गवसणीची गाठ सोडली, परत बांधली.

इंजिन निवल्यावर मी पाइप काढला, झाकण काढलं, आणि झडपेच्या पाकळीत पाहिलं. तांदूळ. पिवळा, फुगलेला, अर्धवट शिजलेला तांदूळ, झडपेत आणि पाइपाच्या तोंडाशी दाटून बसलेला. माझ्या गाडीनं खंदकाला वळसा घालेपर्यंत हळदीचा भात लावला होता.

"बोळा कुणी काढला होता?" मी विचारलं.

"तेलकट फडकं होतं गे तोंडात," काका म्हणाले. "पूजा करताना असं ठेवतात काय? काढलं, अक्षता टाकल्या, आणि परत लावलं. तुझ्यासारखंच घट्ट लावलं."

स्वतःच्या व्यवस्थितपणाचं त्यांना कौतुक वाटत होतं. मी एक मूठ तांदूळ खरवडून काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "हा बघा देवीचा कौल. तुमच्या मुठीतून पडला."

अप्पा उठून जवळ आले, वाकले, चष्मा वर करून भात पाहिला. मला वाटलं आता ते आणखी एक विनोद करतील. त्यांनी केला नाही. त्यांचं तोंड उतरलं. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा ते इंजिनात पाहत होते.

आई उठली. कठडा धरून, एकेक पाय खाली घेत, तिण्णैच्या पायऱ्या उतरली. "अहो, ऑटो बघा," ती अप्पांना म्हणाली. मग काकांकडे वळली. "भावजी, तंबोरा उचला."

"मी?"

"अक्षता टाकायला हात होते ना? सरी, ठीक आहे. उचला."

काकांनी तंबोरा उचलला. गवसणीतला भोपळा पोटाशी धरून ते गल्लीच्या तोंडापर्यंत आईच्या मागे मागे चालले आणि मी त्यांच्या मागे. ऑटोला कालच्या पूजेची केळीची रोपं दोन्ही बाजूंना अजून बांधलेली होती. तंबोरा आत बसेना. शेवटी त्याची मान बाहेर काढून मी ती पुलांवरून तिरुवैयारुपर्यंत हातानं धरून ठेवली. माझी बोटं बोल्टमुळे आधीच सोललेली होती.

आम्ही उशिरा पोचलो. नव्या मुलांपैकी काही जण पुढच्या गल्लीत गेले होते, ते परत आले नाहीत. काही थांबले होते. एक लहान मुलगी जिन्यातच झोपली होती, तिचा नवा परकर चुरगळलेला. आईनं जिना चढून वर जाऊन श्वास घेतला, मुलीला उठवलं, आणि सा लावला. हॉलचा मालक दारात आला, उभा राहिला, आणि निघून गेला. गणिताच्या क्लासला त्याला दुसरी जागा शोधावी लागली.

वर्ग चालू आहे. पूर्वीपेक्षा लहान आहे. गाडीचा रेडिएटर मी दोनदा धुतला, आणि ती आता तापत नाही. काका तिण्णैवर बसतात आणि लोकांना सांगतात की गाडी पूजेनंतर सुरळीत चालतेय. सांगू देत. अशा माणसांशी भांडण्यात मी माझी बोटं आता झिजवत नाही.

पण तुम्हाला एक मागते. तुमच्या घरातली एखादी बाई हल्ली कुठेतरी जायची थांबली असेल. शिकवायला, शिकायला, भजनाला, मैत्रिणीकडे. कारण विचारलंत तर गाडी बंद आहे, रस्ता खराब आहे, गुडघा दुखतो, असं काहीतरी सांगतील, आणि सांगणारी बहुतेक ती स्वतः नसेल. तुम्ही तिलाच विचारा की तिला कुठे जायचं होतं. विचारून झालं की उठा, आणि याच आठवड्यात तिला तिथे नेऊन सोडा.